ळ रुंद झाला तेव्हा

पहिल्यांदा खटकला तो ळ.

एका आत्मकथनाचं शेवटचं प्रूफ स्क्रीनवर होतं, पान ४३, आणि 'आभाळ'मधला ळ दोन्ही अंगांनी सुजल्यासारखा दिसत होता. मग त्याच्या शेजारचा भा दिसला, मग अख्खी ओळ. पंगतीत मांडी पसरून बसलेल्या वऱ्हाड्यांसारखी सगळी अक्षरं ऐसपैस झाली होती. डीटीपीच्या धंद्यात ही करामत आम्ही मुद्दाम करतो. मजकूर संपला, जागा उरली, की अक्षर आडवं ताणायचं. त्याला आम्ही स्केल वाढवणं म्हणतो. डोळ्यांनी मोजलं, १३० ते १३५ टक्के असावं. पण मी काहीच वाढवलं नव्हतं. मी फक्त ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकला होता.

मी गिरगावात राहते. अण्णा, म्हणजे माझे वडील, इथल्याच एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. मी १९९४ पासून तेच काम कीबोर्डवर करते. पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, सोसायट्यांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा. मशीन २०१७ चं, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन जुळवलेलं. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं स्वच्छ लिहिलंय. लॉर्ड लॅमिंग्टन गव्हर्नरकी सोडून १९०७ साली गेला, तरी दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांच्या तोंडी अजून तोच.) त्यात जे ग्राफिक्स कार्ड आहे ते माझ्या कामासाठी घेतलेलंच नव्हतं. भाचा कॉलेजसाठी चार वर्षं माझ्याकडे होता, त्याने गेम खेळायला बसवलं. तो नोकरीला पुण्याला गेला. त्याचे क्रिकेटचे पॅड माळ्यावर राहिले आणि कार्ड मशीनमध्ये.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. त्याच्या पाच दिवस आधी आमच्या गिरगावात मेट्रोचं स्टेशन सुरू झालं होतं आणि अख्खी आळी जमिनीखाली जाऊन सरकते जिने बघून येत होती. मी घरात दिवाळी अंकाचे शेवटचे फर्मे सोडत होते. विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. माझा सातव्या पिढीचा. एका पिढीने हुकले. नवं मशीन घ्यायचं तर दोन पुस्तकांची मजुरी त्यात गेली असती, म्हणून भाच्याने फोनवर सुचवलं, "आत्या, विंडोजऐवजी लिनक्स टाक. त्यातलं मिंट टाक. तुला जमेल." 'तुला जमेल' हे तो ज्या सुरात म्हणाला त्या सुरात मी त्याला पोळ्या लाटायला शिकवलं होतं.

तुळशीची लग्नं आटोपली आणि मी बसले. जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली. पंचवीस-तीस वर्षांची जुन्या फॉन्टांमधली मॅटरं तिच्यावर आहेत, तो संसार वेगळा. नव्या डिस्कवर लिनक्स मिंट चढवायला अर्धा तासही लागला नाही. भाषा विचारली, मी मराठी निवडली. सगळं मराठीत आलं आणि जोडाक्षरं कुठेही मोडलेली नव्हती. हे काम जी सॉफ्टवेअर-लायब्ररी करते तिचं नाव हार्फबझ. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडं, मोकळं. 'तोंडातून हरफ काढला नाही' म्हणतो त्यातलाच तो हरफ. वाचून इतका आनंद झाला की तासभर मी काम सोडून 'ष्ट्र' आणि 'द्ध्य' टाइप करत बसले.

मग पान सरकवलं, आणि ते अडखळलं. चित्र असलेलं पान वर न्यायला गेलं की आधी थरथर, मग पान. भाचा म्हणाला, "ड्रायव्हर टाकावा लागेल."

ड्रायव्हर या शब्दामुळे मी बरीच वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाची कल्पना करत होते. आता वाटतं, तो कंपोझिटर आहे. लेखक कागदावर 'आभाळ' लिहितो. छपाईच्या यंत्राला आभाळ कळत नाही, त्याला शिसं कळतं. मधे उभं राहून आभाळाचं शिसं करायचं काम अण्णांचं. तसं प्रोग्राम म्हणतो, इथे खिडकी उघड, ही ओळ वर घे. कार्डाला ना खिडकी कळते ना ओळ. त्याला ठरलेल्या पत्त्यांवर ठरलेले आकडे हवे असतात, आणि ते पत्ते प्रत्येक कंपनीच्या, कधी कधी प्रत्येक पिढीच्या कार्डात निराळे. अण्णा दुसऱ्या छापखान्यात बदली कामाला गेले की पहिला दिवस केसमधले, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतले, खण पाठ करण्यात जायचा. कुठला खिळा कुठे ते हाताला कळल्याशिवाय ओळ होत नाही.

लिनक्समध्ये इंटेल आणि एएमडीच्या चित्रांचे ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आतच असतात. वेगळं काही टाकावं लागत नाही, म्हणून पुष्कळांना हा अध्याय माहीतच नसतो. माझं कार्ड एनव्हिडिया कंपनीचं, आणि तिचा ड्रायव्हर मात्र बाहेरून आणून बसवावा लागतो. आणि तो न बसवताही माझ्या स्क्रीनवर चित्र दिसत होतं ते एका तिसऱ्याच मंडळींमुळे. त्यांच्या ड्रायव्हरचं नाव नूव्हो. फ्रेंचमध्ये नवा. मूळ लेखक गप्पांच्या खिडकीत 'एन व्ही' टाइप करायचा आणि त्याचा फ्रेंच कीबोर्ड-मदतनीस आपणहून ते 'नूव्हो' करायचा, त्यावरून हे नाव पडलं. कंपनीने कार्डाची माहिती दिलेली नसताना, तिचा बंद ड्रायव्हर कार्डाला कुठले आकडे कुठे लिहितो हे बाहेरून टिपत टिपत या लोकांनी आपला ड्रायव्हर रचला. फेब्रुवारी २०१० मध्ये तो लिनक्सच्या कर्नलसोबत यायला लागला.

हे वाचताना मला आमचा जावजी आठवला. जावजी दादाजी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅमच्या हाताखाली पोरवयात खिळे घासायला लागलेला मुलगा. घासता घासता अक्षर कसं पाडतात ते बघितलं, आणि १८६९ मध्ये स्वतःचा निर्णयसागर छापखाना काढला. तो जिथे होता ती कोलभाट लेन माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. अण्णा तिथून जाताना चपला वाजू देत नसत.

पण नूव्होला एक अडचण आहे. साधारण २०१४ नंतरच्या पिढ्यांमध्ये कार्डाचा वेग वाढवायला कंपनीची सही असलेलं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम, लागतं. ते हातात नसल्यामुळे माझ्या कार्डासारख्या कार्डाला नूव्हो सुरुवातीच्या हळू वेगावरच ठेवतो. म्हणजे स्कूटर चालू आहे, पण पहिल्याच गियरमध्ये. थरथर त्याची.

मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर नावाची खिडकी आहे. त्यात यादी येते, एका नावापुढे 'शिफारस केलेला' असं असतं, तिथे टिंब लावायचं, बास. मी लावलं. मधेच त्याने एक पासवर्ड ठरवायला सांगितला, सिक्युअर बूटसाठी. कशाला ते मी वाचलं नाही. दुसऱ्याच्या मजकुरातली उलटी वेलांटी मी सात हात लांबून पकडते, पण माझ्यासाठी लिहिलेल्या चार ओळी वाचायचा मला कंटाळा. पासवर्ड कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवला आणि मशीन रीस्टार्ट केलं.

निळा पडदा आला. त्यावर इंग्रजीत काहीतरी किल्लीबद्दल, आणि दहापासून उलटे आकडे. विंडोजवाल्या माणसाला निळ्या पडद्याची जी धास्ती असते ती तीस वर्षांची असते. मी हात मागे घेतला. आकडे संपले, मशीन आपणहून पुढे गेलं, आणि ळ रुंद झाला.

काय झालं होतं ते नंतर कळलं. सिक्युअर बूट म्हणजे शेजारच्या टॉवरचा वॉचमन. रजिस्टरात नाव नसलेल्या माणसाला लिफ्टपर्यंत जाऊ देत नाही. बाहेरून आणलेला ड्रायव्हर माझ्याच मशीनवर कर्नलला जोडून तयार होतो. त्याच्यावर सही होते तीही माझ्या मशीनने बनवलेल्या किल्लीने. ती किल्ली वॉचमनच्या रजिस्टरात चढवायची परवानगी मालकाने स्वतः, मशीनसमोर बसून, बटण दाबून द्यावी लागते. तो निळा पडदा त्यासाठी होता. या किल्लीला ते मॉक म्हणतात, मशीनच्या मालकाची किल्ली. तीस वर्षांत मला कुठल्या मशीनने मालक म्हणून हाक मारली ती एवढीच, आणि मी ओ दिली नाही.

नवा ड्रायव्हर दारातच अडकला. त्याला टाकताना नूव्होला रजा दिलेली होती, म्हणजे तोही नाही. मग मशीनच्या स्वतःच्या फर्मवेअरने सुरू होताना मांडून ठेवलेली साधी चौकट उरली, १०२४ बाय ७६८, आणि तिच्यातला प्रत्येक ठिपका प्रोसेसरने स्वतः रंगवायचा. ७,८६,४३२ ठिपके. माझ्या मॉनिटरवर त्यापेक्षा अडीचपटीहून जास्त, २०,७३,६०० ठिपके आहेत, आणि त्याचं प्रमाण सोळास नऊ, चौकटीचं चारास तीन. चौकोनी चित्र ताणून लांबट काचेवर बसवलं की आडव्या अंगाने एक तृतीयांश वाढतं. १३३ टक्के. माझा अंदाज चुकला नव्हता, एवढंच काय ते त्या दिवसाचं समाधान.

इथे थांबून भाच्याला फोन करायला हवा होता. तो मीटिंगमध्ये असेल असं मी ठरवलं. (मॉनिटरची केबल कार्डातून काढून मुख्य बोर्डावरच्या सॉकेटला लावण्याचा उपाय मलाही माहीत होता, पण ते सॉकेट चौपाटीच्या खाऱ्या वाऱ्याने केव्हाच गंजलंय.) मी वाचत बसले, आणि वाचता वाचता एक गोष्ट हाती लागली. लिनक्सच्या जनकाने, लिनुस टोरवाल्ड्सने, २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या व्याख्यानात एनव्हिडियाचं नाव निघाल्यावर कॅमेऱ्यापुढे मधलं बोट दाखवलं होतं. आमच्या गल्लीत नळावर याहून कमी कारणासाठी याहून जास्त बघितलंय, त्यामुळे मला धक्का वगैरे बसला नाही. पण पुढे मे २०२२ मध्ये त्याच कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, हेही त्याच वाचनात आलं. झालं. यादीत शेवटी 'ओपन' लिहिलेली एक आवृत्ती आहे म्हणे. मला वाटलं, लिनक्सच्या घरी आलोय तर खुलंच घ्यावं. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात सोवळ्याचं पातेलं.

तो खुला भाग २०१८ पासूनच्या पिढीच्या कार्डांना चालतो. माझं कार्ड २०१६ साली बाजारात आलेल्या पिढीचं. ही ओळही त्याच पानावर होती, दोन परिच्छेद खाली.

टर्मिनल उघडून मी आज्ञा दिली. काळ्या खिडकीत ओळी सरसर वर गेल्या आणि एका ओळीवर सगळं थांबलं. ड्रायव्हर तयार होत होता, कर्नलला जोडून नव्याने बांधला जात होता. हे काम डीकेएमएस नावाची व्यवस्था करते, आणि जुन्या मशीनवर त्याला काही मिनिटं लागतात. पाच मिनिटं झाली, ओळ हलेना. मी पॉवरचं बटण दाबून धरलं. ऑफसेटचं मशीन चालू असताना कागद ओढणाऱ्या पोराला अण्णांनी एकदा कानाखाली मारली होती, ते मला बटण दाबून झाल्यावर आठवलं.

आता रुंद ळसुद्धा गेला. काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी एक आडवी रेघ.

रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. "आत्या, काय काय केलंस ते क्रमाने सांग." सांगितलं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "बरं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ तीन." दाबलं, आणि काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव विचारलं गेलं. नाव दिलं. पासवर्ड देताना एकही ठिपका उमटेना, मला वाटलं कीबोर्डही गेला. "दिसत नाही, पण जातोय. लिहीत राहा." जात होता.

त्याने एक आज्ञा सांगितली, मी ती दिली, आणि उत्तरादाखल स्क्रीनभर चौकोन आले. नुसते पांढरे चौकोन, ओळीच्या ओळी, मधे कुठे तरी एखादा इंग्रजी शब्द. दोन मिनिटं आम्ही दोघं घाबरलो. मग तो हसायला लागला. "तू भाषा मराठी निवडलीस ना? ते तुझ्याशी मराठीत बोलतंय." या साध्या पडद्याच्या फॉन्टात फार तर ५१२ आकार मावतात आणि जोडाक्षर जुळवणारं तिथे कुणी नसतं. हार्फबझ वरच्या मजल्यावर, आम्ही तळघरात. अण्णांच्या पुढ्यात इंग्रजीच्या कंपोझिटरपेक्षा किती तरी जास्त खण असायचे, अर्धे क, अर्धे ख, रफार, काना-मात्रेचे वेगळे. त्या चौकोनांकडे बघून मला पहिल्यांदा वाटलं की या यंत्राच्या आतही कुठे तरी केस कमी पडलीये. भाच्याने मशीनला त्या सत्रापुरतं इंग्रजी बोलायला लावलं, आणि वाक्यं दिसायला लागली. अर्धवट राहिलेलं काम आधी पुरं करायचं, त्याची आज्ञा. मग एनव्हिडियाचं सगळं पुसायचं, त्याची. मग शिफारस केलेलाच पुन्हा टाकायचा. या वेळी ती थांबलेली ओळ आली तेव्हा मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. नऊ मिनिटं लागली.

मग किल्ली.

"आता लिही. सुडो, स्पेस, मॉकयुटिल, स्पेस, डॅश डॅश इम्पोर्ट."

"डॅश म्हणजे अपसारणचिन्ह?"

"काय?"

"लांब की आखूड?"

"आत्या, कीबोर्डवर एकच आहे."

"कीबोर्डवर एक असेल. छापताना दोन असतात."

"आखूड. दोनदा. मधे जागा सोडू नकोस."

"मग संयोगचिन्ह म्हण ना सरळ."

पुण्याहून एक मोठा श्वास ऐकू आला. संयोगचिन्ह, संयोगचिन्ह, इम्पोर्ट. पासवर्ड ठरवला, या वेळी कॅलेंडरवर लिहिताना कशाचा तेही लिहिलं. रीस्टार्ट. निळा पडदा आला, दहापासून आकडे सुरू झाले आणि मी सातला स्पेसबार हाणला. यादी उघडली. पहिलाच पर्याय होता 'तसंच पुढे जा'. त्याच्या खालचा 'किल्ली नोंदवा'. नोंदवली, हो म्हटलं, पासवर्ड दिला, मशीन पुन्हा सुरू झालं.

बारा वाजून गेले होते. समोरच्या गॅलरीतले आजोबा खोकले. स्क्रीनवर मिंटचं हिरवं चिन्ह आलं, धारदार, आणि मी फाइल उघडायच्या आधीच कळलं, कारण घड्याळाचे आकडे सडपातळ होते.

भाच्याने खात्री करायला एक खेळणं चालवायला सांगितलं, तीन दातेरी चाकं, लाल, हिरवं आणि निळं, एकमेकांत अडकून फिरणारी. सेकंदाला साठ चित्रं असा आकडा खाली येत होता. तो म्हणाला, "याने वेग मोजायचा नसतो, नुसतं चालतंय का बघायचं." छापखान्यातही मशीन सुरू करताना आधी रद्दी कागद सोडायचे, अक्षराकडे कुणी बघायचं नाही, फक्त कागद निघतोय ना ते बघायचं. मी चाकं बरीच फिरू दिली. तो झोपायला गेला.

त्यानंतर कर्नल दोनदा बदलला. प्रत्येक वेळी ती ओळ थांबते, ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी परत बांधला जातो, आणि मी तेवढ्यात चहा टाकते. किल्ली पुन्हा विचारली नाही. रजिस्टरात नाव आहे. माझ्या पिढीच्या कार्डांसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका, पुढच्या मालिकांमध्ये ही कार्डं नाहीत, हेही वाचलंय. तेव्हा आणखी एका पिढीने हुकण्याची वेळ येईल. येईल तेव्हा बघू.

आता ४३ पानाबद्दल सांगते. ज्या संध्याकाळी ळ रुंद झाला आणि मला काही सुचेना, तेव्हा मी तेच पान तसंच वाचत बसले होते. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. ओळखीचा फॉन्ट अनोळखी झाला की डोळा शब्दावरून घसरत नाही, अक्षराला अडखळतो. आठव्या ओळीत लेखिकेच्या आजीने 'सुत' कातलं होतं. पहिला उकार. सुत म्हणजे मुलगा. हे पान लेखिकेने वाचलं होतं, प्रकाशकाच्या मुद्रितशोधकाने वाचलं होतं, मी दोनदा वाचलं होतं, आणि आजी बिचारी चारही वेळा मुलगा कातत बसली होती.

हल्ली शेवटचं प्रूफ आलं की मी दार लोटून घेते, सेटिंगमध्ये जाते आणि १०२४ बाय ७६८ निवडते. अक्षरं पंगतीला बसतात. एक-दोन चुका तरी सापडतातच. सोळा पानं झाली की पुन्हा मूळ आकार. मागच्या महिन्यात भाचा येऊन गेला, मॉनिटर बघून म्हणाला, "मस्त चाललंय की कार्ड." मी हो म्हटलं आणि त्याला पोहे दिले.